येशींच्या खानावळीतला तामिरात

कबेना, अदिस अबाबा
१८ हिदार

तामिरात मेकुरिया यांस,

आपली ओळख नाही, तरी लिहितोय. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाडा, एवढंच म्हणणं आहे.

माझं नाव अस्नाके. पुलाजवळच्या चढावर एका दुकानात मी दातांच्या कवळ्या बनवतो. लग्न झालेलं नाही, राहायला भाड्याची खोली आहे, आणि गेली तीन वर्षं संध्याकाळचं जेवण तुमच्या आईच्या खानावळीत घेतो. आम्ही सगळी गिऱ्हाइकं त्यांना एत्ये म्हणतो. एत्ये येशी. तुम्ही अर्थातच आई म्हणत असाल.

गोष्ट अशी आहे की एत्ये मला तामिरात म्हणतात.

हे वाक्य मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. याहून सोपं करून सांगता येत नाही.

मेस्केलचा सण होऊन आठवडा-दोन आठवडे झाले असतील. मी नेहमीसारखा आत आलो, हात धुतले, खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसलो. एत्ये चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तामिरात, आज इतका उशीर का रे?" मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्या स्वतः ताट घेऊन आल्या. इंजेऱ्याच्या पोळीचा तुकडा तोडला, त्यात शिरोचं कालवण घेतलं, तो गुंडाळला आणि माझ्या तोंडासमोर धरला. तीन वर्षांत त्यांनी मला कधी घास भरवला नव्हता. आता समोर हात आल्यावर माणूस काय करणार? मी तोंड उघडलं.

वाटलं, थट्टा असेल. एत्येंची जीभ कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गाशे बेझाबे माझ्याच ताटाला बसतात. पूर्वी लॉरी चालवायचे, आता आमच्या इद्दिर मंडळाचे प्रमुख आहेत, गल्लीत कुणी गेलं की मंडपापासून कॉफीपर्यंत सगळं तेच बघतात. ते मला कोपराने ढोसून म्हणाले, "कोण रे हा तामिरात? आणि आमचा अस्नाके कुठे गेला?" मी म्हटलं, मलाही कळत नाही.

तुमची आई आजारी आहे असं मला म्हणायचं नाही. कुणाला किती वाढलं, कुणाला तिखट सोसत नाही, मसूर कुठल्या बाईकडून घ्यायची आणि कुठली बाई खडे मिसळते, हे सगळं त्यांच्या ध्यानात असतं. हाताखालच्या लेमलेमने कांदा जरा जास्त परतला तर वासावरून ओळखतात. फक्त माझ्यापाशी आल्या की त्यांचं काहीतरी सटकतं.

लेमलेमला विचारलं तर ती स्वयंपाकघरातून फडकं झटकत म्हणाली, "मुलगा आहे त्यांचा. दिरे दावात असतो. येत नाही."  वर मलाच म्हणाली, "तुला घास मिळतोय ना? मग गप जेव."

मला घासाची तक्रार नाही. पण मी काय करावं, एवढं तरी मुलाने सांगावं, असं वाटलं म्हणून तिच्याकडूनच पत्ता घेऊन लिहितोय. उत्तरादाखल एक ओळ पुरे.

अस्नाके


कबेना
१० ताहसास

तामिरात यांस,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो.

मी एत्येंना स्पष्ट सांगितलं की मी तामिरात नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. म्हणजे मी माझ्या बाजूने प्रामाणिक आहे, हे तुम्हाला कळावं.

अडचण वेगळीच झाली आहे. त्या मला प्रश्न विचारतात. परवा विचारलं, "पाय कसा आहे तुझा?" आता तुमच्या कुठल्या पायाला काय झालं होतं, मला काय ठाऊक. मी म्हटलं, "बरा आहे." "थंडीत दुखतो का?" म्हटलं, "थोडा." त्यांनी लेमलेमकडून एरंडेल गरम करून मागवलं. "कुठला पाय?" लेमलेमने विचारलं. मला वाटतं मुद्दामच विचारलं. मी अंदाजाने डावा पुढे केला. एत्ये क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग निमूटपणे चोळू लागल्या. खरा पाय उजवा होता का? कृपया कळवा. घरी जाताना मी लंगडत होतो असं गाशे बेझाबे म्हणतात. तसं काही नव्हतं.

आणखी एक. तुम्हाला घरात पिवळं काही आवडायचं नाही का? हळदीचा बटाटा वाढताना त्या म्हणतात, "तुला नको असेल, पण आज घे." मला तर तो फार आवडतो. आता मी तो थोडासा खाऊन बाजूला सारतो. का सारतो, मलाच सांगता येणार नाही.

गल्लीत दोन तट पडलेत. न्हाव्याच्या दुकानात म्हणतात, म्हातारीला भूल पडलीय, चर्चमधून पवित्र पाणी आणा. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं म्हणणं, तिला सगळं कळतं, ती माझी थट्टा करतेय. मी कधी इकडचा असतो, कधी तिकडचा. मागच्या बुधवारपासून मी मुद्दाम दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी एत्येंनी लेमलेमच्या हाती दुकानावर डबा धाडला. आमच्या दातांच्या डॉक्टरांसमोर लेमलेम म्हणाली, "तामिरातसाठी आहे." डॉक्टर म्हणाले, "इथे तामिरात कुणी नाही." मी हातातली कवळी खाली ठेवली आणि डबा घेतला.

तुमच्या एका ओळीने हे सगळं मिटेल.

अस्नाके


कबेना
८ तिर

तामिरात,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी एत्येंना काही सांगितलं नव्हतं. सांगणार होतो. शब्दही जुळवले होते. पण त्या समोर येऊन बसल्या की मी तोंड उघडतो ते घासासाठीच.

आता मात्र खरंच सांगितलंय. गेनाच्या दिवशी. ख्रिस्तजन्माआधीचा उपास सुटला होता, खानावळ बाहेरच्यांना बंद होती, आत आम्ही चौघंच: एत्ये, लेमलेम, गाशे बेझाबे आणि मी. एत्येंनी कोंबडीचा रस्सा केला होता. पहाटेपासून कांदा परतत होत्या, अख्ख्या चढावर वास गेला होता. ताट मधोमध आलं. त्यांनी रश्शातलं अंडं उचललं, इंजेऱ्यात गुंडाळलं आणि पहिला घास माझ्यासमोर धरला.  

मी म्हटलं, "एत्ये, मी अस्नाके आहे. कवळ्या बनवतो तो."

त्या म्हणाल्या, "हो, आणि मी इटलीची राणी. आ कर."

मी खाल्लं. त्यांनी माझं गिळून होईपर्यंत पाहिलं, अगदी घशाकडे पाहिलं, आणि मग तोंड वळवून डोळे पुसले. कांद्यामुळे असेल. पण कांदा तर केव्हाच शिजला होता.

खरी गोष्ट पुढेच आहे. जेवण झालं, कॉफी भाजून झाली, दुसऱ्या फेरीचा कप हातात आला तेव्हा एत्ये गाशे बेझाबेंना म्हणाल्या, "इद्दिरमध्ये सांगून ठेव. मी गेल्यावर मंडपात लोकांसमोर कोण बसणार, असं मागे विचारत होतास ना? माझा मुलगा बसेल." आणि कपाने माझ्याकडे दाखवलं.

गाशे बेझाबेंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"येशी," ते म्हणाले, "विचार करून बोलतेयस ना?"

"तुझ्या लॉरीसारखं आधी सुटायचं आणि मग ब्रेक शोधायचा, तसं माझं नाही. विचार करूनच बोलते."

बाहेर आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, जेवण ठीक आहे. हाक ठीक आहे. पण मयतीच्या मंडपात तू मुलगा म्हणून बसलास, तीन दिवस लोक येऊन तुझ्या गळ्यात पडून रडले, आणि चौथ्या दिवशी खरा उगवला, तर मी तोंड कुठे लपवू? तू काय करणार?" मी म्हटलं, "तुम्ही त्यांना समजवा." ते म्हणाले, "मी? ती मला घास भरवत नाही. तुला भरवते."

मला रात्री झोप लागत नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, काकांकडे वाढलो. मंडपात कसं बसतात, मला माहीतही नाही. हे तुम्हाला का सांगतोय कळत नाही. तुम्ही या. भांडायचं असेल तर येऊन भांडा. तुमच्या जागी मी बसलोय आणि मला उठता येत नाही.

अस्नाके


कबेना
२ मेगाबित

तेमाम यांस,

हे नाव लिहिताना हात अडखळला, क्षमा असावी. तुम्ही दुकानावर फोन केलात तेव्हा माझे हात प्लॅस्टरने भरलेले होते आणि डॉक्टर समोर उभे होते, त्यामुळे मी नुसता हो-हो करत राहिलो. तुम्ही "तामिरात म्हणून आता कुणी नाही" म्हणालात. म्हटलं, गेले की काय. मग मेलेला माणूस फोन कसा करेल, हे लक्षात आलं. डॉक्टरांना वाटलं मला चक्कर येतेय.

फोन ठेवल्यावर तुमचं सगळं बोलणं मी पुन्हा जुळवून पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही नजातशी लग्न केलंत, तिचा धर्म घेऊन मुसलमान झालात, नाव बदललंत. तेमाम झालात. मग आईला सांगायला आलात. आईने आधीच कोंबडी कापून रस्सा केला होता, कारण तिला तुम्ही येणार एवढंच माहीत होतं. तिने घास पुढे केला आणि तुम्ही तोंड फिरवलंत. ख्रिस्ती हातचं ते मांस तुम्हाला आता चालत नव्हतं. तिने घास परत ताटात ठेवला आणि म्हणाली, "हा माझ्या तामिरातचा घास आहे. तो आला की खाईल." तुम्ही तेव्हाच्या तेव्हा उठलात. माझं काही चुकत असेल तर सांगा.

मी हे लेमलेमसमोर ठेवलं. ती तेव्हाही तिथेच होती. तिचं म्हणणं, तुम्ही तोंड फिरवलं नाही, नुसती मान खाली घातली. आणि एत्ये जे बोलल्या ते तुम्हाला उद्देशून नव्हतं, त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. "त्याने 'आई' म्हणून एकदा हाक मारली असती तर तिने ताटच फेकून दिलं असतं," असं लेमलेम म्हणते. मी तिला विचारलं, ताट फेकणं चांगलं की वाईट? ती म्हणाली, "तू खरंच कवळ्याच बनव."

मग मी एत्येंना विचारलं. अर्थात तामिरात म्हणूनच विचारलं, कारण त्यांच्याशी माझं दुसऱ्या कुठल्या नावाने बोलणंच होत नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं?" त्या मसूर निवडत होत्या. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तू उपाशी गेलास." बस्स.

तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि मला तिन्ही खऱ्या वाटतात.

तुम्ही फोनवर म्हणालात, "येऊन काय करू? तिच्या ताटातलं मला चालत नाही, माझ्या ताटातलं तिला चालत नाही." हे मी पुष्कळ वेळ डोक्यात घोळवलं. दुकानात एकाच गृहस्थाच्या तोंडात वरची आणि खालची कवळी बसवत होतो, त्या दोन्ही एकमेकांवर नीट टेकेनात, आणि तेव्हा ध्यानात आलं की मोठा उपास कालपरवाच सुरू झालाय. फासिकाच्या सणापर्यंत आईच्या चुलीवर मांस नाही, तूप नाही, दूध नाही. मसूर, शिरो, पालेभाजी, बीट. हे तर तुम्हालाही चालतं ना? मग याच दिवसांत या. फासिका उजाडला की आई पुन्हा कोंबडी कापणार आणि

वर मी 'आई' लिहिलंय. तुमची आई, असं म्हणायचं होतं.

या. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तर कुणाच्या नावाने सांगू?

अस्नाके


कबेना
२१ मेगाबित

तेमाम,

निरोप मिळाला. पुढच्या शनिवारी तुम्ही गाडीने येताय. चांगलं झालं.

चांगलंच झालं. मी हे दोनदा लिहितोय कारण गाशे बेझाबेंना माझ्या चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही. ते म्हणाले, "अरे, सुटलास. मग सुतक असल्यासारखा का बसलायस?"

काही व्यवहाराचे प्रश्न आहेत. मी त्या दिवशी तिथे असावं का? नसलो तर त्या विचारतील, तामिरात कुठे गेला, आणि तुम्ही समोर असाल. असलो तर त्या मलाच तामिरात म्हणतील, आणि तुम्ही समोर असाल. माझ्या खिडकीखालच्या जागेवर कुणी बसायचं? त्यांनी हाक मारली तर मी ओ द्यायची की तुम्ही? मी लेमलेमला विचारलं. ती म्हणाली, "दोघंही द्या, नाहीतर दोघंही गप बसा, पण माझ्या मसुरीत पाय घालू नका."

काल एत्येंनी मला बसवून माझे केस पाहिले. म्हणाल्या, पांढरे होत चाललेत तुझे. मी म्हटलं, वय झालं. म्हणाल्या, "माझ्यासमोर?"

तुमचा दुखरा पाय उजवा आहे हे तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणजे ते सगळं एरंडेल माझ्या डाव्या पायावर फुकट गेलं. मी अजून त्यांना काही बोललो नाही. आता शनिवारपर्यंत बोलणारही नाही.

अस्नाके


कबेना
४ मियाझ्या

भाऊ तेमाम,

तुम्ही स्वतः तिथे होतात, मग तुम्हालाच ती हकिकत काय लिहायची, असं वाटेल. पण तुम्ही सबंध वेळ मान खाली घालून बसला होतात. तुम्हाला जे दिसलं नसेल ते मी लिहितो.

तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा एत्ये पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. हातातली जुडी हातातच राहिली. मग देठ तोडत, कुणाही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "किती जण?"

"एकटाच," तुम्ही म्हणालात.

"नाव?"

एत्ये गिऱ्हाइकाला नाव कधी विचारत नाहीत. तीन वर्षांत मी ऐकलेलं नाही. लेमलेम स्वयंपाकघराच्या दारात आली होती. गाशे बेझाबेंनी तोंडातला घास चावायचा थांबवला. मला वाटलं आता तुम्ही जुनं नाव सांगणार, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी माझ्या स्टुलाची कड घट्ट धरली होती.

तुम्ही म्हणालात, "तेमाम."

"तेमाम," त्या म्हणाल्या. नवीन भाजी तोंडात घालून बघावी, तसं म्हणाल्या. "कुठून आलात?"

"दिरे दावाहून."

"लांबून आलात." मग माझ्याकडे न बघताच, "तामिरात, सरक. पाहुण्याला जागा दे."

मी सरकलो. तुम्ही खिडकीखाली माझ्या शेजारी बसलात. तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. ताट आलं. मसूर, शिरो, पाला, बीट, मधोमध हळदीचा बटाटा. एत्ये आमच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. त्यांनी इंजेरा तोडला, त्यात मसूर घेतली, थोडा पाला घेतला, बोटांनी नीट बंद केलं. हात उचलला. आणि मी, इतक्या महिन्यांच्या सवयीने, तोंड उघडलं.

हात माझ्यासमोरून पुढे गेला.

मी तोंड मिटलं. हे कुणी पाहिलं नसावं. लेमलेमने पाहिलं.

हात तुमच्यासमोर थांबला, आणि तसाच राहिला, कारण तुम्ही खालीच बघत होतात. एत्येंचा चेहरा तेव्हा कसा होता ते तुम्हाला सांगायला हवं. रागीट नव्हता. रडवेलाही नव्हता. मूल पाय टाकतं की नाही हे बघत बाई दोन्ही हात पुढे करून उभी राहते ना, तसा होता.

"तेमाम," त्या म्हणाल्या, "यात मांस नाही. तूप नाही. उपासाचं आहे. तुला चालतं, मला चालतं. हात दुखायला लागला माझा."

मग तुम्ही वर पाहिलंत. 'आई' म्हणालात आणि खाल्लंत. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाशे बेझाबे मोठ्याने म्हणाले की आज मसाला भारी तिखट पडलाय, सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतंय. लेमलेम म्हणाली, "माझ्या मसाल्याला नावं ठेवू नका." दुसरा घासही तुमचाच होता. तिसरा तुम्ही आईला भरवलात, तेव्हा मी हात धुवायला उठलो. माझे हात तसे स्वच्छच होते.

आता तुम्ही गेल्यानंतरचं लिहितो, ते तुम्हाला ठाऊक नाही.

रविवारी तुमची गाडी सुटल्यावर एत्ये थेट चर्चला गेल्या आणि तिथून येऊन झोपल्या. खानावळ लेमलेमने चालवली. मी गेलो नाही. सोमवारी संध्याकाळी गेलो. हात धुतले आणि खिडकीखाली बसलो.

एत्ये चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "या, अस्नाके. बरे आहात ना? आज शिरो छान झालाय. तुमच्यासाठी वेगळं ताट आणू की गाशेंबरोबर बसताय?"

अस्नाके. बरे आहात. तुमच्यासाठी.

 इतके महिने मी याच एका गोष्टीसाठी तुमच्या मागे लागलो होतो. आता ती झाली, तर मला कुणीतरी भर बाजारात टोपी काढून घेतल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "वेगळं चालेल." ताट आलं. हळदीचा बटाटा भरपूर होता, आणि आता तो बाजूला सारायचं काही कारण नव्हतं. माझ्याने तुकडा मोडवेना.

लेमलेम पाण्याचा जग ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "तुझंच नाव आहे ना ते? मग?"

मी पाणी ओतून घेतलं. तुम्हाला काय सांगावं, कळत नाही. मी चिडलोय का? आनंदात आहे का? तुम्ही दिरे दावाला पोचल्याचं ऐकून बरं वाटलं, आणि त्याच वेळी तुम्ही आलाच नसतात तर बरं झालं असतं असंही मनात आलं. हे मी लिहितोय, कारण एवढं सगळं लिहिल्यावर आता तुमच्यापासून काय लपवायचं.

गर्दी ओसरली तसा मी उठून चुलीपाशी गेलो. म्हटलं, "एत्ये, एक विचारू? तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"काय?"

"मी कोण आहे ते."

त्या कढईचा तळ खरवडत होत्या. "माझे डोळे गेलेत का?"

"मग इतके दिवस..."

"अकरा वर्षं ते नाव माझ्या तोंडात आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही आत आलात, पाठीवर ऊन होतं, आणि निघून गेलं तोंडातून. चुकून. मला वाटलं, आता हे गृहस्थ हसतील, किंवा म्हणतील, एत्ये, मी तो नव्हे. तर तुम्ही तोंड उघडून घास खाल्लात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. मग मी काय करणार होते, तुम्हीच सांगा."

मी चुलीतली काटकी आत सारली.

"राग आलाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. तेच खरं होतं.

"आणि मंडपाचं?" गाशे बेझाबेंनी तिकडून विचारून घेतलं. "इद्दिरला काय सांगू? कोण बसणार?"

"मी काय उद्या मरतेय?" एत्ये म्हणाल्या. "फासिकाला तेमाम आणि नजात येणार आहेत. कोंबडीच्या जोडीला मसुरीचं वेगळं भांडं चढवायचंय, ताट वेगळं काढायचंय. मला सध्या मरायला सवड नाही."

"फासिकाला मसूर? लोक हसतील, येशी."

"तू हस. तुला दोन्हीतलं मिळणार नाही."

मग त्यांनी कढई बाजूला ठेवली, हात पुसले, आणि माझ्याबरोबर खिडकीपाशी आल्या. ताट होतं तसंच होतं. त्यांनी ते पाहिलं. समोर स्टूल ओढून बसल्या.

"तीन वर्षं जेवताय इथे," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही कुठले, ते मी कधी विचारलंच नाही. कुठले हो तुम्ही?"

"देब्रे ताबोरकडचा," मी म्हटलं. "शहरातला नव्हे. खाली, ओढ्याच्या अलीकडे एक वस्ती आहे."

"आई आहे?"

"नाही. लहानपणीच गेली."

"नाव काय होतं त्यांचं?"

मी सांगितलं. अलेमितू. किती वर्षांत ते मोठ्याने म्हटलं नव्हतं, मलाच माहीत नाही. काकांच्या घरी तिचं नाव कुणी काढत नसे.

"अलेमितू," एत्ये म्हणाल्या. "काय रांधायच्या?"

मी म्हटलं, फार आठवत नाही, एवढंच आठवतं की ती बार्लीचं पीठ भाजायची आणि मी पाटीजवळ बसलो की माझ्या नाकाला पीठ लावायची. हे बोलताना मी नाकाला हात लावला. एत्ये हसल्या नाहीत. त्यांनी लेमलेमला हाक मारून गार झालेला शिरो परत न्यायला सांगितला, गरम आणायला सांगितला, आणि दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून माझ्याकडे तोंड करून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढे सांगा."

अस्नाके